घरातलं पहिलं लेकरू

प्रवेशाच्या अर्जात काय विचारत नाहीत? जात, पोटजात, वडिलांचं उत्पन्न, अधिवास, प्रकल्पग्रस्त आहात का, भूकंपग्रस्त आहात का, वडील सैन्यात होते का, खेळात कुठल्या पातळीवर गेलात. या सगळ्याला रकाना आहे आणि तो असायलाच हवा. पण तुमच्या घरातून याआधी कुणी कॉलेजात गेलं आहे का, हे विचारणारा रकाना आपल्याकडच्या अर्जांत मला अजून भेटलेला नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. दसरा उलटला की आमच्याकडची निम्मी गावं रिकामी होतात. मुकादम मजुरांची टोळी भरतो, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, आणि कोयते ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडं निघतात. इथं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलं आजीकडं राहतात, हंगामी वसतिगृहात राहतात, नाहीतर बरोबर उसाच्या फडावर जातात. या मुलांसाठी आम्ही काही शिक्षक आणि शाळेतून बाहेर पडलेली काही पोरं-पोरी मिळून आठवीपासून एक उद्योग चालवतो. देणगीदारांपुढं त्याला ‘कॉलेज रेडीनेस’ म्हणावं लागतं. गावात ‘सरांचे जादा तास’ म्हणतात. त्यात तासांपेक्षा कागदांची कामं जास्त असतात, ते सोडा.

माझ्या स्वतःच्या मुलीची अशी तयारी कुणी कधी करून घेतली नाही. मी पदवीधर, बायको पदवीधर, मेहुणा इंजिनिअर. व्हॅलिडिटीचा, म्हणजे जात पडताळणीचा, अर्ज बारावी विज्ञानाच्या सुरुवातीलाच टाकायचा, सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, हॉस्टेलचा फॉर्म प्रवेशाच्याच आठवड्यात भरायचा, हे सगळं तिच्या कानावर जेवताना पडलं. कुणी तिला शिकवतोय असं तिलाही वाटलं नाही आणि आम्हालाही. म्हणजे शिक्षकाच्या घरात जन्मलेल्या पोरीला हा अख्खा कार्यक्रम जन्मापासून फुकट चालू असतो, आणि त्याचं श्रेय शेवटी तिच्या हुशारीला जातं. वर्गात तिच्याहून जलद गणितं सोडवणारी एक मुलगी होती. तिच्या घरी जेवताना उचल किती फिटली याची चर्चा होते.

सरकारी मदतीचा नकाशा पाहिला तर नववीच्या उंबरठ्यावर जमीन अचानक खचते. शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वयाचा. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. फुकट पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. नववीत आलेल्या मुलाला पुस्तकं विकत घ्यायची असतात, दुपारी डबा आणायचा असतो, आणि नेमक्या याच वयात ते मूल फडावर पूर्ण मजुरीचं काम करण्याजोगं झालेलं असतं. बाप हिशोब करतो तो चुकीचा नसतो. म्हणून दहावीच्या निकालानंतर ‘करिअर मार्गदर्शन मेळावा’ भरवणाऱ्यांचा मला राग येतो. ज्यांना मार्गदर्शन हवं होतं ती मुलं मेळाव्याला येत नाहीत, कारण ती दहावीपर्यंत पोचलेलीच नसतात.

या खचलेल्या जागेवर एकच नीट फळी टाकलेली आहे, ती म्हणजे एनएमएमएस ही शिष्यवृत्ती. केंद्राची योजना, २००८ पासूनची. आठवीत परीक्षा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. सुरुवातीला महिन्याला ५०० होते, २०१७ पासून १००० झाले. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत, शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित हवी. देशात दरवर्षी एक लाख शिष्यवृत्त्या, त्यांतल्या ११,६८२ महाराष्ट्राच्या वाट्याच्या. परीक्षेचे दोन पेपर, ९०-९० प्रश्नांचे, दीड-दीड तासाचे. एक बौद्धिक क्षमतेचा, एक शालेय विषयांचा.

बौद्धिक क्षमतेच्या पेपराबद्दल थोडं सांगतो, कारण तिथं मला खूप काही कळलं. संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, नाती ओळखा, दिशा. पहिल्या सराव पेपरात आमची मुलं सपाटून आपटतात. बुद्धी कमी म्हणून नव्हे. दीड तासात नव्वद प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, आणि न येणारा प्रश्न सोडून पुढं जायचं असतं, हे त्यांना पटतच नाही. आयुष्यभर त्यांना सांगितलेलं असतं की काम अर्धवट टाकायचं नाही. चौथ्या प्रश्नाला येऊन बसलेलं मूल अर्धा तास त्याच्याशीच झुंजत बसतं. प्रश्न सोडून देणं हीसुद्धा शिकवायची गोष्ट आहे, हे मला बीएडला कुणी सांगितलं नव्हतं. साताठ सराव पेपर झाले की तीच मुलं अशी सुटतात की आवरत नाहीत. नातेसंबंधांच्या प्रश्नांत तर ती आमच्या पुढं जातात. चुलत-मावस-आत्ये अशी पन्नास माणसं एका टोळीत ज्यानं पाहिली त्याला ‘चित्रातल्या स्त्रीच्या भावाची मुलगी’ कितीशी अवघड.

निवड झाल्यावर खरी पंचाईत सुरू होते. पोर्टलवर नाव नोंदवायचं, आधार जोडलेलं बँकखातं हवं. आधारवर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पासबुकावर तिसरंच. वडिलांचं नाव कुठं ज्ञानोबा, कुठं ज्ञानदेव. हे दुरुस्त करायला जायचं तर आई-बाप कारखान्यावर. दहावीत ६० टक्के पडले नाहीत तर अकरावी-बारावीचे पैसे थांबतात (अनुसूचित जाती-जमातींना थोडी सवलत आहे), हे बहुतेक घरांना पैसे थांबल्यावरच कळतं. आणि एक तिढा मला अजून पचलेला नाही: सरकारच जिथं राहण्या-खाण्याचा खर्च करतं अशा निवासी शाळांतल्या मुलांना ही परीक्षाच देता येत नाही. तर्क समजतो, एकाला दोनदा लाभ नको. पण निवासी शाळा सुटल्यावर त्या मुलाच्या हातात काय उरतं?

आता कागदांकडं येतो.

राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश हवा तर जातीचा दाखला पुरत नाही, त्याची पडताळणी झालेली लागते. २००० सालच्या कायद्यानं ही पद्धत पक्की झाली. खोटे दाखले काढून दुसऱ्याची जागा खाणारे होते आणि आहेत, तेव्हा पडताळणी नको असं मी म्हणणार नाही. पण पुरावा कधीचा लागतो पाहा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा, आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा. ज्यांचं नावच भटके, ज्यांचा आजा पालातून पालात जन्मला आणि वाढला, त्यांच्या नातवाकडं १९६१च्या आधीचा, गावाचा आणि जातीचा उल्लेख असलेला कागद मागायचा. शाळेच्या जुन्या नोंदवहीतला निर्गम उतारा आणा म्हणतात. आजा शाळेत गेला असता तर नातू पहिला कशाला ठरला असता?

मग कोतवाल बुकाची नक्कल शोधायची. जन्म-मृत्यूची ती जुनी नोंदवही तहसिलात असते, असली तर मोडीत असते, वाचणारा मिळाला तर नोंद सापडते, सापडली तर नाव ‘अमुकचा पोर’ एवढंच असतं. यातून बाहेर पडायची सोपी वाट एकच: वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडं व्हॅलिडिटी असेल तर ती वंशावळीसह जोडायची. चुलत्याची असो, चुलत भावाची असो, काम झपाट्यानं होतं. पण चुलत भावानं व्हॅलिडिटी काढली असेल कशासाठी? कॉलेजात जायचं असेल तरच माणूस त्या फंदात पडतो. म्हणजे ज्याच्या घरातून आधी कुणीतरी गेलंय त्याला हा रस्ता सोपा, आणि जो पहिला चाललाय त्याच्या वाट्याला १९६१ साल. राखीव जागा ज्याच्यासाठी ठेवली, तिच्यापर्यंत पोचायला त्यालाच सगळ्यात जास्त चालावं लागतं. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. पण त्या अर्जात मी सुरुवातीला म्हटला तो रकाना असता तर हे कुणाच्या तरी डोळ्यांत भरलं असतं.

म्हणून आमच्या आठवीच्या वर्गात बीजगणिताइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे प्रत्येकाची वंशावळ काढणं. मुलं घरी जाऊन आजीला विचारतात, कुणाचा बाप कोण, कोण कुठल्या गावी वारला, कोण दुसरीपर्यंत शाळेत गेला होता. आज्यांना हा अभ्यास फार आवडतो. एका आजीनं नातवाला सात पिढ्या सांगितल्या आणि वर विचारलं, “आता ह्याचं सरकार काय देतं रं?” त्याच वंशावळीतून कुठल्या तरी गावच्या शाळेत १९५७ साली पहिलीत घातलेला एक चुलत आजोबा निघाला. शाळेत तो पुढं फार दिवस टिकला नव्हता. तेवढी एक ओळ सगळ्या भावकीला पुरली.

तमिळनाडूत हा रकाना आहे. २०१०-११ पासून तिथं घरातल्या पहिल्या पदवीधराला महसूल खात्याकडून तसं प्रमाणपत्र मिळतं आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षणशुल्कात सवलत मिळते. अमेरिकेत १९६४च्या गरिबीविरोधी कायद्यातून ‘अपवर्ड बाउंड’ नावाचा कार्यक्रम निघाला. त्यात दोन तृतीयांश मुलं अशीच हवीत, की ज्यांचं घर गरीब आहे आणि ज्यांच्या आई-बापांपैकी कुणाकडं पदवी नाही. तिकडची परिस्थिती इकडं जशीच्या तशी लागू करण्यात काही अर्थ नाही. वंश, फी, शाळा, सगळंच वेगळं. मला त्यातली दुसरी अट महत्त्वाची वाटते. गरिबी मोजली, ती पुरेशी नाही असं कळलं, आणि घरात वाट माहीत असलेलं माणूस आहे की नाही हेही मोजलं. आपल्याकडं जात मोजतात, उत्पन्न मोजतात, दोन्ही मोजायलाच हवं. तिसरं राहून जातं.

तसं पाहिलं तर आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे फार आधी कळलेलं होतं, त्यांनी फक्त नाव वेगळं दिलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जातीजातीची बोर्डिंगं उभी राहत गेली. शाळा आधीच होत्या, खेड्यातलं पोर शहरात राहणार कुठं हा प्रश्न होता. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. ते चालवायला लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव गांधीजींच्या हस्ते १९२७ साली दिलं गेलं. त्या वसतिगृहात भाकरी मिळत होती हे तर खरंच, पण मला वाटतं तिथली सगळ्यात मोठी सोय म्हणजे वरच्या इयत्तेतलं पोर शेजारच्या वळकटीवर झोपत होतं. फॉर्म कुठं मिळतो, कुठल्या मास्तरला काय विचारायचं, परीक्षेला जाताना काय न्यायचं, हे त्या वळकटीवरून या वळकटीवर जात होतं. घरात नसलेला थोरला भाऊ तिथं मिळत होता. आजचे कार्यक्रम ॲप काढतात, व्हिडिओ काढतात. चांगलं आहे. पण पोरगं रात्री अकरा वाजता ॲपला विचारत नाही, की मेसचे पैसे संपलेत, घरी सांगू का?

विदर्भात राजू केंद्रे यांनी २०१७ पासून उभी केलेली ‘एकलव्य’ ही संस्था मला म्हणून जवळची वाटते. ते स्वतः घरातले पहिले पदवीधर. पुढं गेलेल्यानं मागच्याला हात द्यायचा, अशी त्यांची रीत आहे.

याउलट काही ‘सुपर’ बॅचा असतात. तालुक्यातून चाळणी लावून चाळीस पोरं उचलायची, दोन वर्षं घासायची, आणि आयआयटीत किती लागली त्याचा फ्लेक्स लावायचा. त्या चाळीस पोरांचं भलं होतं, त्यात खोट नाही. पण जे पोर दहावीला ५८ टक्क्यांवर आहे, ज्याला पॉलिटेक्निक, आयटीआय, नर्सिंग, बी.एस्सी. यांतलं काय परवडेल आणि काय झेपेल हे सांगणारं कुणी नाही, त्याची तयारी कुणी करायची? आमच्यात याबद्दल नेहमी भांडण होतं. माझा एक सहकारी म्हणतो, आधी दोन-तीन तारे चमकवू, मग गाव आपोआप मागं येईल. गाव मागं येतं हे मी पाहिलेलं नाही. गाव म्हणतं, “ते पोरगंच येगळं होतं.” जो आपल्यासारखाच साधारण, तो आयटीआय करून कंपनीत लागला, की मात्र त्याच्या गल्लीतली चार पोरं त्याच्या घरी चौकशीला जातात.

मुलींचं गणित आणखी वेगळं, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे.

नववी-दहावीतली मुलगी मागं ठेवून फडावर जायचं म्हणजे आई-बापाच्या जिवाला घोर. बरोबर न्यायची तर शाळा गेली, आणि फडाजवळच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नसतं, म्हणजे तिथंही घोरच. मग हंगाम सुरू व्हायच्या आधी लग्न उरकून टाकायचं. नवं जोडपं म्हणजे नवा कोयता, मुकादम त्यावर वेगळी उचल देतो. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या वर्गातली एखादी मुलगी अचानक यायची थांबते. बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर आहे, आम्ही तो वापरलाही आहे. पण फोन करून लग्न थांबवता येतं, मुलीचं पुढचं वर्ष फोननं उभं करता येत नाही.

पालकसभा म्हणून आम्ही दसऱ्याच्या आधी घेतो, जानेवारीत नाही. शाळेचं वेळापत्रक जानेवारीत ‘पालक मेळावा’ म्हणतं, तेव्हा पालक कोल्हापूर जिल्ह्यात असतात. एका सभेत एक आई उठून म्हणाली, “सर, तुम्ही म्हनता शिकवा. पोरगी बारावी झाली की बारावीवालाच नवरा बघावा लागतो, त्याचा हुंडा कोन देतो?” सगळे हसले, ती हसली नाही. तिच्या प्रश्नाला भाषण हे उत्तर नव्हतं. आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. खेड्यातल्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट. शिष्यवृत्ती लागली तर वर्षाला १२ हजार. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानं, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ. हॉस्टेल मिळालं नाही तर स्वाधार, स्वयं, आधार या योजनांतून मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत. आणि जे माफ नाही तेही लिहिलं: मेस, पुस्तकं, प्रवास, आणि योजनेचा हप्ता हातात पडेपर्यंतचे महिने. त्या आईनं फळा वाचून घेतला, म्हणजे मुलीकडून वाचवून घेतला, आणि विचारलं, “हप्ता उशिरा आला तर मधले पैसे कोन घालणार?” एवढा नेमका प्रश्न मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी विचारला नाही. त्या प्रश्नातून आमची छोटी उसनवारीची पेटी निघाली. शंभर-पाचशे रुपये टाकून माजी विद्यार्थी ती भरतात, मूल हप्ता आला की परत करतं. बुडीत फारसं नाही.

नववीच्या मुलांना आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणचं एक कॉलेज दाखवायला नेतो. अपवर्ड बाउंडवाले उन्हाळ्यात सहा-सहा आठवडे मुलांना कॉलेजच्या आवारात ठेवतात म्हणे. आमची ऐपत एका दिवसाची, तीही एसटीनं. आम्हाला वाटायचं मुलं प्रयोगशाळा बघून हरखतील. मुलांचे प्रश्न भलतेच असतात. इथं डबा कुठं खायचा? वर्गात एवढी पोरं, हजेरी कोण घेतं? तास नसला तर बसायचं कुठं? इंग्रजी नाही आलं तर हसतात का? शेवटच्या प्रश्नाला तिथल्या एका दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं उत्तर दिलं, “हसतात. दिवाळीपर्यंत. मग त्यांना गणित विचारायला आपल्याकडंच यावं लागतं.” मी वर्षभर बोललो असतो तरी एवढं बोललो नसतो.

इंग्रजीचं भय मात्र निराधार नाही. सीईटीचा भौतिक-रसायनचा पेपर मराठीत देता येतो, गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. मराठी माध्यमाच्या मुलाला गणित येत असतं आणि प्रश्न कळत नाही. म्हणून नववीपासून मी फळ्यावर गणित दोन्ही भाषांत घालतो. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांना ते आवडलं नव्हतं.

दोन हजार पंचवीसपासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमानं भरायची, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. सायबर कॅफेवाल्यानं ओळखीचं कॉलेज पहिलं टाकलं आणि पोर तिथं अडकलं, असं आमच्याकडं पहिल्याच वर्षी झालं. तेव्हापासून जूनमध्ये शाळेच्या वाचनालयात आमच्या माजी विद्यार्थिनी टेबल मांडून बसतात. नियम त्यांनीच केलेत. फॉर्म मुलानं स्वतःच्या हातानं भरायचा, आपण फक्त शेजारी बसायचं. पासवर्ड मुलाच्या वहीत लिहायचा, आपल्या फोनमध्ये नाही. पसंतीक्रम टाकण्याआधी त्या कॉलेजला जाणारी एसटी किती वाजता सुटते ते विचारायचं. आणि बापाला फोन लावायचा असेल तर रात्री आठनंतर, तोवर मोळ्या भरून झालेल्या नसतात.

हा शेवटचा नियम जूनमध्ये कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, सर, जूनमध्ये बाप वीटभट्टीवर नाहीतर पुण्याला बांधकामावर असतो, सुटायची वेळ तीच. या वर्षी त्यांनी ताशी मानधन मागितलं आहे, ‘कमवा आणि शिका’त कॉलेज देतं त्याच दरानं. मागणी रास्त आहे. पेटीत तेवढे पैसे नाहीत. सहकारी म्हणतो सेवा म्हणून करा, मुली म्हणतात सेवा आम्ही घरी पुष्कळ करतो. येत्या रविवारी बैठक आहे.